वाऱ्यावरचं लग्न आणि चार आवाज: एका ध्वनिमुद्रणाचं प्रकरण

हिरवळीवर संध्याकाळी होणारा चाळीस मिनिटांचा लग्नविधी. पाहुणे साधारण १२०, खुर्च्यांच्या दहा रांगा, समोर लाकडी मंच. चार जण बोलणार: विधी चालवणाऱ्या बाई, नवरा, नवरी आणि मधे एक उतारा वाचणारी मैत्रीण. मंचाच्या बाजूला व्हायोलिन आणि गिटार. साउंडवाल्याकडे दोन स्पीकर, छोटा मिक्सर, बाईंसाठी एक कॉर्डलेस माईक आणि वाचनासाठी स्टँडवरचा एक माईक. चित्रीकरणाला दोघे जण आणि दोन कॅमेरे: एक मंचाच्या बाजूला ४ मीटरवर, दुसरा मधल्या वाटेच्या टोकाला १२ मीटरवर.

नवरा-नवरीची अट एकच होती. वचनं ते एकमेकांकडे बघून, हळू आवाजात म्हणणार. हातात माईक धरणार नाहीत आणि समोर स्टँडही नको. म्हणजे ज्या दोन मिनिटांसाठी हा व्हिडिओ पुढे पुन्हा पुन्हा लावला जाणार, ती दोन मिनिटं स्पीकरमधून येणारच नव्हती. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक वायर घेतली की काम झालं, हा नेहमीचा हिशेब इथे पहिल्याच पायरीला कोसळतो.

कॅमेऱ्यावरचा माईक का पुरत नाही

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. कॉलर माईक तोंडापासून २० सेंटिमीटरवर असतो. बाजूचा कॅमेरा त्याच्या वीस पट लांब, म्हणजे तिथे तोच आवाज २६ डेसिबलने कमी. मागच्या कॅमेऱ्यापाशी सुमारे ३६ डेसिबलने कमी. वारा, पक्षी, खुर्च्यांची करकर आणि पाहुण्यांची कुजबुज मात्र कमी होत नाहीत, कारण त्या कॅमेऱ्याच्या शेजारीच आहेत. गेन, म्हणजे माईकच्या सिग्नलची वाढ, चढवला की आवाजाबरोबर तेही वर येतं. शॉटगन माईकने, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या लांब नळीच्या माईकने, हे सुटेल असा समज फार पसरलेला आहे. शॉटगन लांबचा आवाज जवळ आणत नाही. तो बाजूचे आवाज कापतो, आणि तेही वरच्या पट्टीतले. वाऱ्याची आणि रहदारीची घरघर त्याला फारशी आवरत नाही. कॅमेऱ्यावर तो असावाच, पण सिंकसाठी (आवाज आणि चित्र जुळवायला) आणि आणीबाणीसाठी.

म्हणून आखणीचा पाया असा ठरला: प्रत्येक आवाज दोन वेगळ्या वाटांनी टिपायचा. वेगळ्या म्हणजे खरोखर वेगळ्या. दोन रेकॉर्डिंग एकाच कारणाने बिघडू शकत असतील तर हाताशी एकच रेकॉर्डिंग आहे, मग यंत्रं कितीही असोत. या प्रकरणात जे वाचलं ते या नियमामुळे, आणि जे गेलं ते तो एका ठिकाणी पाळला न गेल्यामुळे.

माईक कोणाला लावायचा

बाईंची सोय सरळ होती. त्यांच्या जाकिटाला कॉलर माईक, खिशात छोटा रेकॉर्डर. ही पहिली वाट. त्यांचा कॉर्डलेस माईक मिक्सरमधून दुसऱ्या रेकॉर्डरवर, ही दुसरी. शिवाय २.४ गिगाहर्ट्झचा छोटा वायरलेस संच त्यांनाच लावून त्याचा रिसीव्हर बाजूच्या कॅमेऱ्यावर बसवला, तो मुख्यतः हेडफोनवर ऐकत राहण्यासाठी. खिशातला रेकॉर्डर चालू आहे की नाही हे लांबून कळत नाही. वायरलेसवर निदान वारा आणि बोलण्याची पातळी कळते.

खरा प्रश्न नवरीचा. तिचा पोशाख पातळ आणि घोळदार, रेकॉर्डर ठेवायला जागा नाही, गळ्यात दागिने. अशा कापडावर माईक लावला की तो सुती कोटासारखा स्थिर बसत नाही. कापड हलतं, दागिना टणकतो, आणि ही टकटक शब्दाच्या बरोबर मधोमध येते. सफाईत ती काढली तर शब्दाचा तुकडाही जातो. इथे तिला माईक लावायचाच नाही असा निर्णय झाला, आणि तो योग्य होता. वचनं म्हणताना दोघं समोरासमोर उभे राहतात. तिचं तोंड आणि त्याच्या कोटाचा माईक यांत साधारण ६० सेंटिमीटर. त्याचं स्वतःचं तोंड २० सेंटिमीटरवर. तिप्पट अंतर म्हणजे तिचा आवाज साडेनऊ डेसिबलने खाली, आणि २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये एवढी वाढ नंतर देता येते. मंचावर शांतता असेल तर कोणाला फरकही जाणवत नाही. दुसरी वाट बाईंचा माईक, जो नवरीपासून जेमतेम मीटरभर लांब होता.

एक बारकावा: बाईंकडे तोंड करून उभे असताना नवरी नवऱ्याच्या डाव्या हाताला होती. म्हणून माईक कोटाच्या डाव्या पट्टीवर. कोटाला फूल किंवा बिल्ला लावायचा असेल तर तो उजवीकडे, नाहीतर तोच माईकवर घासत राहतो. कुठल्या बाजूला कोण उभं राहणार हे आदल्या दिवशी विचारून घ्यायचं असतं. लग्नाच्या दिवशी उत्तर द्यायला कोणी मोकळं नसतं.

माईक बसवण्याची रीत

सर्वदिश, म्हणजे सगळ्या बाजूंनी सारखंच ऐकणारा, कॉलर माईक घ्यावा. मान वळली तरी त्याची पातळी फार बदलत नाही, आणि वारा व कापडाचा घर्षणआवाज एकदिश माईकपेक्षा तो कमी पकडतो. जागा हनुवटीखाली १५ ते २० सेंटिमीटर, छातीच्या हाडाच्या वरच्या भागात. त्याहून वर, गळ्याला चिकटून लावला तर हनुवटीच्या आडोशाने आवाज बोदा येतो.

क्लिप कोटाच्या पट्टीला लावली की वायर लगेच खाली सोडू नये. क्लिपच्या मागे तीन-चार सेंटिमीटरचा सैल वळसा घालून तो कापडाच्या आतल्या बाजूला टेपने चिकटवावा. चालताना वायर ओढली जाते तेव्हा तो हिसका वळशात जिरतो, माईकपर्यंत पोचत नाही. माईक दिसायला नको असेल तर टेपच्या दोन पट्ट्यांची चिकट बाजू बाहेर ठेवून त्रिकोणी घड्या कराव्यात, माईक त्यांच्यामध्ये धरावा आणि वरचं-खालचं दोन्ही कापड त्या घड्यांना चिकटवावं. कापड माईकवर सरकलं नाही तर खसखस होत नाही. पण लपवलेल्या माईकचा आवाज वरच्या पट्टीत दबतो, स, श, च धूसर होतात. घरच्यांना आधीच विचारावं: कोटावर छोटासा काळा ठिपका चालेल का? बहुतेकांना चालतो, आणि आवाज पुष्कळ चांगला येतो.

मोकळ्या जागेत स्पंजची टोपी पुरत नाही. झुळूक आली की ती हरते. कॉलर माईकलाही केसाळ टोपी हवी, छोटी का असेना. वाऱ्याने माईकचा पडदा किंवा आतला प्रवर्धक ओव्हरलोड झाला की त्या क्षणी शब्दच फाटतो; नंतर खालची पट्टी कापून गडगड जाते, फाटलेला शब्द परत येत नाही.

रेकॉर्डर कोटाच्या आतल्या खिशात, आणि त्या खिशात मोबाईल नको. मोबाईल नेटवर्कशी बोलतो तेव्हा जवळच्या वायरमध्ये टरटर उमटू शकते. रेकॉर्डिंग सुरू करून लॉक लावला, मगच तो खिशात गेला. इथे विधीच्या पंचवीस मिनिटं आधीच सगळे रेकॉर्डर चालू केले होते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका चॅनलची फाइल तासाला सुमारे ५१८ एमबी होते. आजच्या कार्डावर ही जागा काहीच नाही. उशिरा सुरू करून वाचवण्यासारखं त्यात काही नसतं.

पातळी ठरवताना ऑटो गेन (यंत्राने आपोआप पातळी बदलण्याची सोय) बंद. तो चालू असेल तर दोन वाक्यांमधल्या शांततेत वाऱ्याचा आवाज फुगत जातो आणि बोलणं सुरू झालं की दबतो. हा श्वास घेतल्यासारखा चढउतार कुठल्याही सफाईने नीट जात नाही. माणसाला विधीत बोलेल त्याच आवाजात दोन-तीन वाक्यं म्हणायला लावून सर्वांत उंच टोक −१८ ते −१२ डीबीएफएसच्या दरम्यान ठेवायचं (या मोजपट्टीवर ० ही कमाल मर्यादा). प्रत्यक्षात लोक तालमीपेक्षा मोठ्याने बोलतात, हसतात. रेकॉर्डरमध्ये दुसरी, १२ डेसिबलने खालची प्रत घेण्याची सोय असेल तर ती चालू करावी.

आणि पिन तपासावी. मोबाईलसाठीचा कॉलर माईक तीन काळ्या रेघांच्या पिनेचा असतो, कॅमेरा आणि बऱ्याच रेकॉर्डरना दोन रेघांची पिन लागते. चुकीची पिन घातली तर काही वेळा आवाज येतच नाही, काही वेळा अगदी क्षीण येतो, आणि घाईत तो सेलचा दोष वाटतो.

मिक्सरची वायर

साउंडवाल्याशी दोन गोष्टी बोलायच्या असतात: कुठून सिग्नल मिळेल आणि तो किती जोरात असेल. मुख्य आउटपुटऐवजी ऑक्समधून (मिक्सरचा जादा आउटपुट), फेडरच्या (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणाच्या) आधीचा सिग्नल मागावा. म्हणजे त्याने शिट्टी टाळायला फेडर खाली-वर केला तरी रेकॉर्डिंग हलत नाही. मिक्सरचा लाइन सिग्नल माईकच्या सिग्नलपेक्षा साधारण ४० ते ६० डेसिबलने जोरदार असतो. रेकॉर्डरचा इनपुट लाइनवर नसेल तर तो पहिल्या शब्दालाच फाटतो. लाइनची सोय नसलेल्या रेकॉर्डरला मधे सिग्नल क्षीण करणारा पॅड लागतो. वायर बॅलन्स्ड, म्हणजे वाटेत शिरलेला विजेचा गोंगाट रद्द करणारी असावी, आणि रेकॉर्डर सेलवर चालवावा. दोन्ही यंत्रं विजेच्या वेगवेगळ्या सॉकेटवर असली की अर्थिंगच्या फेऱ्यामुळे हम, म्हणजे सततची गुणगुण, येतो. तरीही आला तर दोघांमधला थेट विजेचा जोड तोडणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मधे घालावा.

इथे हे सगळं केलं होतं. चाचणीत सिग्नल स्वच्छ होता.

प्रत्यक्षात काय झालं

नवव्या मिनिटाला मागच्या रांगेतून हात वर झाले, ऐकू येत नव्हतं. साउंडवाल्याने फेडर न वाढवता बाईंच्या माईकच्या चॅनलचा गेन फिरवला. ऑक्स फेडरच्या आधी असला तरी गेनच्या नंतर असतो, त्यामुळे रेकॉर्डरकडे येणारा सिग्नलही तेवढाच उसळला आणि मिक्सरच्या चॅनलमध्येच फाटायला लागला. हा रेकॉर्डर ३२ बिट फ्लोटचा, म्हणजे फार मोठा सिग्नलही मावेल अशा फाइलचा होता. त्याच्या मीटरवर सगळं ठीक दिसत होतं, कारण त्याच्यापर्यंत पोचलेला सिग्नल आधीच सपाट कापलेला होता. ३२ बिट फ्लोट म्हणजे आता आवाज फाटणारच नाही, हा गैरसमज इथे महागात पडतो. ते फक्त रेकॉर्डरच्या आतलं फाटणं वाचवतं. माईक, वायरलेस किंवा मिक्सर यांत जे आधीच फाटलं ते नाही. पुढची सगळी निवेदनं बाईंच्या खिशातल्या रेकॉर्डरवरून घेतली गेली. स्वतंत्र वाट म्हणतात ती ही.

सतराव्या मिनिटाला वचनं. पाहुणे फोन वर धरून उभे राहिले आणि कॅमेऱ्यावरचं वायरलेस तीन ठिकाणी तुटलं. २.४ गिगाहर्ट्झवर गर्दीतले फोन आणि त्यांचं वायफाय, ब्लूटूथ असतंच, आणि माणसाच्या शरीरातलं पाणी ही लहर बरीच शोषून घेतं. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांच्यामध्ये माणसं उभी राहिली की पल्ला झपाट्याने घटतो. रिसीव्हर डोक्यांच्या वर, उंच स्टँडवर असता तर तुटणं कमी झालं असतं. नुकसान काही नाही, कारण ती वाट ऐकण्यासाठीच होती. नवऱ्याच्या माईकवर दोघांचीही वचनं शब्दन् शब्द आली. नंतरच्या मिठीत माईक जोरात घासला, पण तोवर बोलणं संपलेलं होतं.

मागचा कॅमेरा जुन्या घडणीचा, २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबणारा. संगीत चालू असताना तो मुद्दाम बंद करून लगेच पुन्हा सुरू केला. रेकॉर्डर अखंड चालू असल्याने दुसरी फाइल त्यांच्याशी सहज जुळली.

गेलं ते वाचन. मैत्रिणीच्या आवाजासाठी दोन वाटा आखल्या होत्या: स्टँडवरचा माईक मिक्सरकडे, आणि त्याच स्टँडच्या मानेला टेपने बांधलेला कॉलर माईक वेगळ्या रेकॉर्डरवर. कागदावर या दोन वाटा दिसतात. पण दोन्ही माईक एकाच ठिकाणी होते. वाचताना तिचा कागद वाऱ्याने उडायला लागला, तो सावरत ती स्टँडपासून दोन पावलं बाजूला सरकली आणि तिथेच उभी राहून वाचत राहिली. दोन्ही माईकवरून तिचा आवाज एकदमच उतरला. असं गेलेलं अकरा सेकंदांचं वाचन बाजूच्या कॅमेऱ्यावरच्या शॉटगनने पकडलं, वाऱ्यासकट.

टेबलावर

सगळे ट्रॅक तरंगाकृतीवरून आपोआप जुळवले. त्यानंतर डोळ्यांनी तपासणं आवश्यक आहे, आणि कारण साधं आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. १२ मीटरवरच्या कॅमेऱ्यात तो ३५ मिलिसेकंद उशिरा पोचतो. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. सॉफ्टवेअर कॉलर माईकचा ट्रॅक त्या उशिराच्या आवाजाशी जुळवतं, म्हणून ओठ पुढे आणि शब्द जवळजवळ एक फ्रेम मागे पडतो. प, ब, म या वर्णांना ओठ मिटतात. जवळच्या दृश्यात त्यांवर थांबून ट्रॅक एक फ्रेम अलीकडे सरकवला की बसतो.

दुसरी घसरण वेळेची. प्रत्येक यंत्राचं घड्याळ किंचित वेगळं चालतं. इथे ३८ मिनिटांनंतर बाईंचा रेकॉर्डर कॅमेऱ्यापेक्षा दोन फ्रेम, म्हणजे ८० मिलिसेकंद पुढे गेलेला होता. हे प्रमाण फक्त ०.००३५ टक्के, तरी शेवटच्या आशीर्वचनात ओठ आणि शब्द वेगळे दिसतात. ट्रॅक तेवढा ताणला किंवा शांत जागी कापून पुन्हा बसवला की प्रश्न मिटतो. सुरुवात जुळली म्हणून शेवट जुळेलच असं धरू नये.

मग ज्या क्षणी जो बोलतो त्याचाच माईक उघडा ठेवायचा. नवरीचा आवाज नवऱ्याच्या आणि बाईंच्या अशा दोन्ही माईकवर होता. दोन्ही एकत्र वाजवले तर आवाज पोकळ येतो: मार्गांत मीटरभराचा फरक असेल तर सुमारे ३ मिलिसेकंदांचा उशीर पडतो आणि १७० हर्ट्झच्या आसपास पहिला खड्डा, पुढे आणखी खड्डे. म्हणून तिच्या वचनांसाठी फक्त नवऱ्याचा ट्रॅक, तिच्या वाक्यांवर ९ डेसिबलने वर, आणि बाकी माईक १५ डेसिबलने खाली. पूर्ण बंद केले नाहीत. पूर्ण बंद केले की मागची हवा अचानक गायब होते आणि कापलेलं कळतं. संगीतासाठी ठेवलेल्या स्टिरिओ रेकॉर्डरवर विधीआधी कोणी बोलत नसताना एक मिनिट नुसती जागा टिपली होती. तोच थर सगळ्याखाली मंद आवाजात अखंड लावला, आणि माईक बदलताना येणारे सांधे त्याखाली झाकले गेले.

पुढचं काम फार नव्हतं. ८० हर्ट्झखालचं कापणं, छातीवरच्या माईकचा बोदेपणा काढायला २५० हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल कमी, स्पष्टतेसाठी ४ किलोहर्ट्झला २ डेसिबल जास्त, मोठे आवाज दाबून पातळी सारखी करणारा ३:१ चा सौम्य कॉम्प्रेसर. नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा गोंगाट पुसणं, ६ ते ८ डेसिबलपुरतंच. त्याहून जास्त ओढलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि माणसाच्या आवाजातला थरकाप, जो लग्नाच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यांत मोलाचा, तोच आधी पुसला जातो. थोडा वारा राहिला तर राहू द्यावा. अंतिम फाइल −१६ एलयूएफएसवर (एकूण जाणवणारा मोठेपणा), ट्रू पीक, म्हणजे सर्वांत उंच टोक, −१ डीबीटीपी.

वाचनातली अकरा सेकंदं शॉटगनवरची आहेत. त्यांना उपशीर्षक दिलं आणि दृश्य वाचणाऱ्या मैत्रिणीवरून नवरीच्या चेहऱ्यावर नेलं. ऐकणारी व्यक्ती पडद्यावर असली की शब्द लांबून आलेले खटकत नाहीत. अशा वाचनाला स्टँडवर दुसरा माईक बांधण्याऐवजी तोच कॉलर माईक वाचणाऱ्याच्या अंगावर लावावा, आणि रेकॉर्डर कमरेला किंवा खिशात द्यावा. दीड मिनिटाच्या वाचनासाठी लोक याला नको म्हणतात. त्यांना पोशाखाला धक्का लागणार नाही हे आधी दाखवलं तर तयार होतात. कागदाऐवजी पुठ्ठ्यावर चिकटवलेला मजकूर दिला तर तो उडतही नाही, आणि वाऱ्यात कागदाची जी फडफड माईकवर येते तीही टळते.